रोजच्यालाही आणि शर्यतीलाही एकच जोड

गंगापूर रोड, नाशिक
मंगळवार, दुपार

ती. छायाताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकताना गुडघा वाजला. तो नमस्कारातच धरावा.) तुझं बीपी आणि दाजींचा राग दोन्ही आटोक्यात असतील, लाल कांद्याची काढणी उरकली असेल, असं समजून चालते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधेच हसतेस आणि मग मला पुढचं सांगावंसं वाटत नाही.

तर येत्या रविवारी मी दहा किलोमीटर पळणार आहे. हसू नकोस. चव्वेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली शर्यत, आणि ती मला पुरी करायची आहे. नंबर नको, पदक नको, फक्त शेवटच्या खांबापर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचायचं. माझे जुने बूट दिवाळीत तुला दिले (चावतात म्हणून), तेव्हा नवे घेणं आलंच. दुकानदार समाधान स्वतः पळणारा, काटक माणूस. त्याने सांगितलं, ताई, दोन जोड घ्या. सरावाला जाड तळव्याचा, दणका सोसणारा, शर्यतीला हलका. मी म्हटलं, मला दोन्हीला चालेल असा एकच द्या. तो खिन्न झाला. मग त्याने माझ्या एका पायात निळा आणि दुसऱ्या पायात केशरी बूट चढवला आणि म्हणाला, मेडिकलपर्यंत पळून या, पायच सांगतील. ताई, भर गंगापूर रोडवर, संध्याकाळी सहा वाजता, ओढणी कमरेला खोचून मी तशी पळाले. कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या लताबाई मेथी निवडायची थांबल्या आणि ओरडल्या, "काय वो ताई, दोन्ही पायांचं भांडण झालं का?" पायांनी केशरी म्हटलं. मऊ, पण लोळागोळा नाही. हलका, पण पाय जमिनीला टेकलाय हे कळतं. रोजच्यालाही चालेल, शर्यतीलाही.

एकच जोड का, हे समाधानला सांगितलं नाही, तुला सांगते. आईची पैठणी आठव. ठेवणीतली म्हणून उभ्या जन्मात चार वेळा नेसली, आणि शेवटी आपण दोघींनी उलगडली तेव्हा घडीघडीवर चिरलेली. त्या दिवसापासून मनाशी ठरवलंय, ठेवणीतलं म्हणून काही ठेवायचं नाही.

असं ठरवून मी बूट घरी आणले, कागदात गुंडाळले, खोक्यात घातले आणि कपाटावर ठेवून दिले. शर्यतीसाठी. (थांब, हसून घे.) समाधानने बजावलं होतं की दोन आठवडे तरी सरावात घाला, नवाकोरा बूट शर्यतीत घातला तर फोड येतील. रोज पहाटे मी खोक्याखाली उभी राहायचे, रस्त्यावरची धूळ डोळ्यांपुढे आणायचे आणि तेजलचे शाळेतले पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पळायला जायचे. मुलीला कॉलेजात जाऊन दोन वर्षं झाली, ते बूट मी टाकले नव्हते. आपल्या घराण्याचं रक्त, दुसरं काय.

आठव्या दिवशी नुसतं बघावं म्हणून खोकं उघडलं. बूट होते. पण त्यांना चिखल होता. आणि तळव्याच्या खाचेत झेंडूची एक पाकळी अडकलेली.

घरात झेंडूची वाट एकच, ती मखमलाबादच्या आमच्या मळ्यातून येते. ललित रोज पहाटे तिकडे जातो, पण त्याचा पाय दहा नंबरचा. राहिल्या सासूबाई. टाचेच्या दुखण्याने दोन वर्षं मळ्याकडे फिरकल्या नव्हत्या. गॅलरीत बसून आलेली फुलं मोजायच्या आणि तोडणाऱ्यांना नावं ठेवायच्या. शाल शोधताना त्यांना कपाटावर खोकं दिसलं. घालून पाहिले, टाच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून नऊवारीखाली केशरी बूट घालून त्या ललितच्या मागे स्कूटरवर बसून मळ्यात. (ललितला सगळं ठाऊक होतं. बायको आणि आई यांच्यामधल्या वस्तूकडे तो कधीच बघत नाही.) मी म्हटलं, अहो आई, ते शर्यतीचे आहेत. तर म्हणतात, "शर्यत रविवारी हाय ना? तवर पडूनच ऱ्हाणार व्हते. नवं पायताण चावतं गं. मी तुला मोकळं करून देते."

तेव्हा ताई, बूट आता छान मोकळे झाले आहेत. समाधान म्हणाला तसेच झाले, फक्त पाय माझे नव्हते. रविवारची काळजी करू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझी,
सुवर्णा

ता. क. बूट मागायला मी आज सकाळी गेले होते. सासूबाई मळ्यातून नुकत्याच आलेल्या. ओटीत फुलं, स्वतः तोडलेली, आणि पायरीवर बसून जुन्या टूथब्रशने तळव्याच्या खाचा साफ करत होत्या, रविवारी मला स्वच्छ मिळावेत म्हणून. मी विचारलं, चहा टाकू का? बूट मागितले नाहीत. आता मागणारही नाही. तर दाजी शुक्रवारी डोळे दाखवायला नाशिकला येणार आहेत ना, त्यांच्याबरोबर माझे जुने बूट पाठव.

ता. क. २. ते चावत नव्हते. नव्यांसाठी निमित्त हवं होतं. तू घालत असशील तर कळव, रागावू नकोस. मग दुसऱ्या जोडासाठी समाधानला फोन करते. "मी दोन जोड म्हणालो होतो" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवली आहे.

ता. क. ३. सासूबाईंनी आत्ताच विचारलंय, दहा किलोमीटरमध्ये मधे बसायला बाक असतो का. कशासाठी ते विचारायचा मला धीर झाला नाही. रविवारी तू येच.