हवाबींचं प्रकरण

रुवी, मस्कत
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सिसिलिया आत्यास,
ॲव्हरिलचा सा. न. वि. वि.

मोबाईलवरचं मराठी तू वाचत नाहीस, म्हणून हा कागद. चुका लाल पेनाने दाखव.

पीएचडी छान चालली होती. इथे आयुष्य घालवलेल्या आशियाई बायका स्वतःला कुठल्या समजतात, हा माझा विषय. दर शुक्रवारी दार्सैतच्या हॉलमध्ये मी मेळावाही भरवते. फिलिपिनो, मल्याळी, आपले वसईवाले, कोकणी मुसलमान, सगळे येतात. तिथेच दोन तासांवरच्या निझव्याच्या हवाबी भेटल्या. नवरा वारल्यावर त्या कोकणात परत गेल्या नाहीत. ओमानी शेजारणीच्या आधाराने निझव्यातच राहून बायकांचे कपडे शिवले, दोन मुलं वाढवली. माझ्याशी तीन तास बोलल्या, ते मी रेकॉर्ड केलं. प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच होतं.

मागच्या आठवड्यात त्यांचा मुलगा जमाल त्यांना घेऊन आला. इथे मोठ्या कंपनीत आहे तो. आईचं शिवणकाम चारचौघांत नको, रेकॉर्डिंग पुसा, म्हणाला. हवाबी शेजारी मान खाली घालून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर सगळं पुसलं, प्रकरणही काढून टाकलं. गाइड नाराज आहेत, पण मी बरोबर केलं याची मला खात्री आहे.

पप्पा मजेत. हॉटेलच्या किचनमध्ये अजून सगळ्यांवर ओरडतात.

तुझी माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
तुझी ॲव्हरिल

वसई
२० नोव्हेंबर २०२५

चि. ॲव्हरिल हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

अकरा चुका. प्रगती आहे.

पुसलंस ते ठीक. पण तू ऐकलंस कुणाचं? मुलासमोर आई गप्प बसली म्हणजे तिचंही तेच म्हणणं, असं कुणी सांगितलं तुला? तीस वर्षं मी पालकसभा घेतल्या. मूल खोलीबाहेर गेलं की आया बोलायला लागतात. बस पकड आणि निझव्याला एकटी जा. रेकॉर्डर घरी ठेव. त्या नाही म्हणाल्या तर पुन्हा विषय काढू नकोस.

तुझ्या पप्पाला, मार्टिनला म्हणावं, बहिणीला चार ओळी लिहिल्या तर हात झिजणार नाहीत.

सुखी राहा, लिहीत राहा.
सिसिलिया आत्या

रुवी
७ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,
सा. न.

तुझं ऐकलं. मंगळवारी गेले. हवाबींनी आधी पोटभर जेवायला घातलं. मग म्हणाल्या की त्या दिवशी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, जमालनेही नाही आणि मीही नाही. मला फार लाज वाटली. मी माफी मागितली आणि विचारलं. उत्तर लेकासमोरच देईन, म्हणाल्या.

परवा शुक्रवारी त्या मेळाव्याला आल्या. जमालच गाडी चालवत आला होता. का आणलंय ते त्याला ठाऊक नव्हतं. हॉल भरलेला. हवाबी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "लिव गो बाय. पन नाव पुरा लिव. हवाबी दाऊद मुकादम, गाव दाभोळ, मुक्काम निझवा. ह्या पोराची फी मी मशीनवर बसून भरलीय, ता पन लिव."

जमाल दाराशी उभा होता. मला वाटलं, निघून जाईल. हवाबी त्याच्याकडे न बघता पहिल्यापासून सांगत गेल्या. मशीन कुणी दिली, पहिलं गिऱ्हाईक कोण, अरबी कसं शिकल्या. जमालचे अब्बा वारले ते साल त्यांनी शहाण्णव सांगितलं.

"अठ्ठ्याण्णव, अम्मी," जमाल मागून म्हणाला, आणि पुढे येऊन त्यांच्याजवळ बसला.

प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. पप्पांनी सलाम सांगितलाय.

अशीच रागावत जा.
ॲव्हरिल