चेकशीटवर माझी सही

३ ऑगस्ट, रविवार
ही डायरी जानेवारीत घेतली. आजवर कोरी. म्हणजे पहिल्या पानावर एक फोन नंबर आहे, कोणाचा ते आठवत नाही. लिहायचं रोज ठरायचं, पण मनासारखं पेन नव्हतं. पेन मिळालं तर कोणीतरी म्हणायचं, चल राजमाचीला. असो. आजपासून रोज लिहिणार. आता कारण आहे.

घरात गाडी घ्यायचं ठरलं. मोठी, तीन रांगांची. आबा कंपनीतून रिटायर झाले, तेव्हापासून त्यांचं एकच चाललंय: यंदा दसऱ्याला सगळं घर एका गाडीतून नागपूरला, दीक्षाभूमीवर. दरवर्षी निम्मे रेल्वेनं जातो, निम्मे एसटीनं, आणि तिथल्या गर्दीत एकमेकांना शोधण्यात दिवस संपतो. आणि गाडी पंधरा वर्षं बदलायची नाही. आबा म्हणाले, आपल्या घरात टीव्ही एकच झाला, फ्रीजबी एकच झाला, गाडीबी एकच व्हनार. तवा नीट बगून घ्या.

बघायचं काम माझ्याकडे! अतुलदादाला शिफ्टमुळे जमत नाही. माणसं मोजली. आबा, आई, भागूआत्या, दादा, कोमलवहिनी, त्यांची मुलगी आणि मी. बरोबर सात.

आबांनी फुलस्केपवर रकाने आखून चेकशीट दिलं. त्यांच्या कंपनीत पद्धतच होती. नवीन मशीन आलं की ट्रायल घेऊन जो चेकशीटवर सही करेल, मशीन त्याच्या ताब्यात. तोच चालवणार, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आबा म्हणाले, गाडीलाबी त्योच नियम.

म्हणजे सही माझी की चावी माझी. सव्वीस वर्षांत या घरात पहिल्यांदाच काहीतरी माझ्या ताब्यात येणार. याआधी एक शेळी दिली होती. तो विषय नको.

वहिनी म्हणाली, भावजी, आधी लायसन्सचं बघा. म्हटलं, लर्निंग आहे की माझ्याकडे. मार्चच्या मध्यावर काढलं, सहा महिने चालतं. घाई कसली?

५ ऑगस्ट, मंगळवार
तीन गाड्या निवडल्या. खरी नावं लिहीत नाही, डायरी कोणाच्या हाती लागली तर डीलर सावध होतील. टोपणनावं: थोरली (डिझेल, उंच, आमच्या टाकव्याच्या चौकात उभी केली तर चौक भरेल), शहाणी (हायब्रिड, आवाज नाही, स्वतःच ब्रेक मारते) आणि धाकटी (साधं पेट्रोल इंजिन, काहीच विशेष नाही, सर्व्हिस सेंटर वडगावातच). धाकटी आजच बाद. तिच्यात रुबाब नाही.

चेकशीट उद्यापासून भरणार.

आई सकाळीच तळेगावला गेली. बचत गटाची मीटिंग. पायात वहिनीचे कॅनव्हासचे बूट. बचत गटाला बूट कशाला, विचारलं. म्हणाली, लय चालायला लागतं तितं.

१० ऑगस्ट, रविवार
शोरूमवाले खोटं बोलतात. खरं मालकच सांगतो. म्हणून लोणावळ्याला जाऊन सर्व्हे करायचं ठरवलं. रविवारी पॉइंटवर पुणे-मुंबईच्या सगळ्या सात सीटवाल्या येतात. पन्नास मालक गाठायचे: किती किलोमीटर झाले, काय बिघडलं, परत हीच घ्याल का. वही घेतली, आबांची जुनी शिट्टीही घेतली. लक्ष वेधायला.

शिट्टी ही चूक झाली. पहिली वाजवली आणि तीन गाड्या माझ्याकडे वळल्या, कुठं लावू विचारायला लागल्या. धुकं इतकं की कोणालाच काही दिसत नव्हतं. मग काय, दुपारपर्यंत पार्किंग मी सांभाळलं. और पीछे, और पीछे, बस्स. माझ्यामुळे एकही गाडी घासली नाही. एका काकांनी तर थोरलीची चावीच माझ्या हातात दिली, म्हणाले, तूच लाव रे. मी नकार दिला. परक्याच्या गाडीला हात लावायचा नाही, हे माझं तत्त्व आहे.

सर्व्हे: एक मालक. तो म्हणाला, गाडी भाड्याची आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार
टेस्ट ड्राइव्ह होती. शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर कुठलीही गाडी पळते, म्हणून मी अट घातली होती: ट्रायल लोणावळ्याजवळ, कुरवंड्याच्या चढावरच. सेल्समन सुहास तयार झाला. थोरली आणि धाकटी दोन्ही घेऊन येणार होता. धाकटी कशाला, म्हटलं. आबा म्हणाले, बगायला काय जातंय?

मी तासभर आधी पोचलो. तेवढ्यात मुंबईचे चार ट्रेकर दिसले, नागफणीच्या सुळक्याची वाट चुकलेले. अशा वेळी माणुसकी सोडता येत नाही. वर नेऊन सोडलं. वर गेल्यावर कळलं की ते चुकलेले नव्हते, लघवीला थांबले होते. पण तोवर त्यांनी डबा उघडला होता. थेपले होते.

खाली आलो तर ट्रायल झालेली. मी नसताना! आबा आणि आई आले होते, चढावर तीन फेऱ्या मारल्या म्हणे. सुहास मला म्हणाला, मावशींचा कंट्रोल जबरदस्त आहे. खरं आहे. आईसमोर आबासुद्धा आवाज चढवत नाहीत.

निषेध म्हणून घरी कोणाशी बोललो नाही. जेवलो.

२४ ऑगस्ट, रविवार
शोरूमला जाऊन आलो, आत्याला घेऊन. आज तिसऱ्या रांगेचा रकाना. सात सीटच्या गाडीचा कस मागेच लागतो, पुढं सगळे राजेच असतात.

मी थोरलीच्या ड्रायव्हर सीटवर बसलो, हात स्टेअरिंगवर. एसी छान होता. आत्याला म्हटलं, तू मागं जाऊन बस, गुडघे टेकतात का सांग. आत्या मधली सीट पाडून आत वाकली आणि तशीच माघारी आली. म्हणाली, ह्ये बसायला हाय का बोचकी ठिवायला? तूच बस जा. मी म्हटलं, आत्या, मी बसून काय उपयोग, मी तर चालवणार. आत्या सुहासकडं बघून हसली. का हसली कळलं नाही. वय झालं.

घरी सांगितलं: तिसऱ्या रांगेत मोठा माणूस नागपूरपर्यंत आरामात जाईल. आबांनी विचारलं, सोता बसून बगितलंस? म्हटलं, अंदाज आहे. आबा म्हणाले, चेकशीटवर अंदाज न्हाई चालत. तेवढा रकाना कोरा राहू दे.

४ सप्टेंबर, गुरुवार
आईच्या तब्येतीची काळजी वाटते. शेंगा सोलत बसली होती आणि डावा पाय आपोआप खाली-वर, खाली-वर. मधेच डाव्या हातानं हवेत काहीतरी ढकलायची. वाताचा त्रास असणार. तीळतेल लाव म्हटलं.

मग मलाच विचारते, संदेश, चढाला गाडी मागं सरकायला लागली तर आदी काय करायचं रं? किती बरं वाटलं! घरात निदान एक माणूस माझ्या अभ्यासाची किंमत करतं. तिला हाफ क्लच समजावून सांगितलं. ती म्हणाली, आन हँडब्रेक? म्हटलं, आई, तू त्या भानगडीत पडू नको. व्हय, म्हणाली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आज मोशीच्या आरटीओत लायसन्सची टेस्ट होती. अपॉइंटमेंट साडेअकराची. आठलाच निघालो.

वाटेत वराळ्यात माझा मित्र विक्की भेटला. त्याचा पोकलेन नवीन सोसायटीच्या साइटवर कातळ फोडत होता. पाचच मिनिटं थांबलो. आता फुटेल, मग फुटेल, असं होत होतं. बघणारे आम्ही वीसएक जण, अर्धवट सोडून कोणी हललं नाही. फुटला तेव्हा पावणेदोन.

पण फुकट नाही गेलं. विक्की म्हणाला, यंत्र कुठलंही घे रे, टिकतं ते वेळेवर ऑइल बदलणाऱ्याकडंच. पंधरा वर्षांचं सगळं सार यात आलं. हे लायसन्सच्या रांगेत कोणी सांगितलं असतं?

१६ सप्टेंबर, मंगळवार
लर्निंग काल संपलं. नवीन काढू. उलट बरंच झालं, फोटो वाईट आला होता.

आई तळेगावहून पेढे घेऊन आली. बचत गटाला म्हणे सरकारी कागद मिळाला. सगळे फारच खूश. वहिनीनं आईला मिठी मारली. बचत गटाचं इतकं कौतुक या घरात कधी नव्हतं. मी दोन पेढे खाल्ले.

२१ सप्टेंबर, रविवार
आबांनी दिलेली मुदत आज संपली. निर्णय तयार होता: थोरली. पण सकाळी रस्त्यावर शहाणी आवाज न करता मागून आली, मी दचकून गटारात. काय गाडी आहे! फेरविचार करावा लागणार.

आबांकडं आठ दिवस मागितले. मला वाटलं, भडकतील. ते शांतपणे म्हणाले, घे की, तुजा तू सावकाश घे. चेकशीट तेवढं दे माझ्याकडं.

विश्वास म्हणतात तो हा. मात्र एक खटकतंय. आज सबंध दिवसात कोणी मला एकदाही विचारलं नाही, कुठली घ्यायची.

२८ सप्टेंबर, रविवार, सकाळी ९
अंतिम निर्णय. थोरली. आता माघार नाही. आबांना सांगायला गेलो तर वहिनी आणि तिची मुलगी सोडून घरात कोणीच नाही. आई, आबा, आत्या, दादा सगळे पहाटेच देहूरोडच्या विहारात गेले म्हणे. मला उठवलं नाही. वहिनी म्हणाली, उठवलं होतं, तुम्ही म्हणालात पाच मिनिटं.

सकाळी ९.४०
वहिनीनं चेकशीट आणून दिलं. म्हणाली, आबा ठेवून गेलेत, एकच रकाना राहिलाय, तुमच्या सहीचा. बघितलं तर सगळे रकाने भरलेले! तिसऱ्या रांगेचा तेवढा कोरा, पुढं माझं नाव. म्हणजे शेवटी सही माझीच. मन भरून आलं. पूर्ण नावानिशी केली, खाली दोन रेघा ओढल्या. वरचं नंतर वाचतो. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. तिलाही भरून आलं असणार.

सकाळी १०.१०
हॉर्न वाजतोय. वरचं वाचलं.

गाडी: धाकटी. चढावर मागे सरकते का: नाही. क्लचला पाय पोचतो का: होय. ताबा आणि सही: नंदाबाई. माझी आई. खाली माझा रकाना. तिसरी रांग, टाकवे ते नागपूर आणि परत. ताबा: संदेश.

दारात गाडी आलीये. समोर पंचशीलाचा छोटा झेंडा. गल्लीतली पोरं मागं पळतायत. दादा शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसलाय. आबा आणि आत्या मधे. स्टेअरिंगवर आई, पायात वहिनीचे बूट. गोठ्याच्या कोपऱ्यावरून गाडी एका दमात रिव्हर्स घेतली तिनं. कोणी शिट्टीही वाजवली नाही.

आत्या खाली उतरलीये. मधली सीट पुढं पाडून, दार धरून उभी आहे. माझ्यासाठी.