सागाची मूठ

३ जुलै, अल रुवैस
उन्हाने होड्यांचं काम थंड, पण सुताराला सुट्टी कुठली! अरबाबने, म्हणजे आमच्या अरब मालकाने, आज कारखान्यात पिस्तूल आणलं. सर्बियाचं, फौजी, दुकानात सर्वांत स्वस्त होतं ते. लायसन त्याच्या नावाचं, गोळ्या घरी ठेवून आलेला. मुठीला काळं प्लास्टिक. म्हणतो, हातात सरकतं, लाकडाची मूठ कर, महिनाअखेर क्लबात नेमबाजी आहे.
मी लगेच विचारलं, जमली तर रजा? नारळी पौर्णिमेआधी गावी सलीमची होडी पाण्यात उतरायचीय. धाकट्या भावाची पहिली होडी, कणा मी बसवलेला, आणि मीच नको तिथे?
"आधी मूठ," म्हणाला.
जमणार म्हणजे काय! बापाने हातात रंधा दिला तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते.

५ जुलै
खोलीतल्या बशीरकडून कणकेचा गोळा घेतला. "अरबाबला चपात्या घालतोस काय?" मेला हसत सुटला. अरबाबला म्हटलं, हात द्या. दिला. कणकेत मूठ आवळायला लावली, बोटन् बोट उमटलं. टेपबीप आपल्याला लागत नाही.

११ जुलै
साग कापला. सलीमच्या होडीच्या कण्यातून उरलेला तुकडा, गेल्या खेपेला बॅगेत घालून आणला होता. काय वास! अंगठ्याला खाच मस्त उतरलीय.

१८ जुलै
फजिती!! अरबाबने पिस्तूल उचललं ते डाव्या हाताने. खाच भलत्याच बाजूला. हा माणूस जेवतो उजव्याने, सलाम उजव्याने, आणि नेम डाव्याने!
म्हटलं, मग त्या दिवशी उजवा का दिलात?
"तू हात मागितलास. कुणाला डावा हात पुढे करतात का?"
खरंच. मी तरी केला असता? चौदा वर्षं याच्याकडे आहे, कधी लक्षात आलं नाही. लाज वाटली.
लाकूड वीतभर उरलंय. एकदाच होईल.

१९ जुलै
परत कणीक. अरबाबने आधी दार लोटलं, मग डावा हात दिला. एवढा मोठा माणूस, लाजला. मी म्हटलं, होडीला दोन्ही वल्ही लागतात. हसला. "यल्ला, यल्ला," म्हणजे चल, आटप.

२६ जुलै
बसली! अशी बसली की खाली ठेवेना. "खलास" एवढंच बोलला. त्याच्या तोंडून म्हणजे खूप झालं.

३१ जुलै
क्लबात तिसरा आला. मागच्या वेळी शेवटून तिसरा होता, स्वतःच सांगत सुटलाय. रजेचं विचारलं तर "इन्शाल्ला."
सलीमचा फोन. "भाई, भरती कुणासाठी थांबत नाही हां." म्हटलं, तिला सांग, मी येतोय.

२ ऑगस्ट
सकाळी रजेचा अर्ज अरबाबच्या टेबलावर ठेवला. पेन मुद्दाम डाव्या बाजूला.
दुपारी चहाचं निमित्त करून डोकावलो. फोनवर बोलत होता. सही झालेली नाही अजून. पेन मात्र त्याच्या डाव्या हातात होतं.