कोल्हापूरला न गेलेले मिक्सर

अण्णा,

तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. परवा बाजारात गेले तेव्हा काही घ्यायचं नसताना मुद्दाम आत शिरले. जिथे तुमचा टेस्टिंग बोर्ड होता, ज्यावर पेटवून दाखवल्याशिवाय तुम्ही गिऱ्हाइकाच्या हातात साधा झिरोचा बल्बसुद्धा दिला नाहीत, तिथे आता आरसा आहे. वाईट वाटेल असं समजून गेले होते, पण वाटलं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी माणसं मला रस्त्यात थांबवून सांगतात, "तुमच्या वडलांसारखा सचोटीचा दुकानदार आता रत्नागिरीत मिळायचा नाही." मी मान हलवते. बल्ब, पंखे, कुकर, इस्त्र्या यांच्याबद्दल तुम्ही कधीच खोटं बोलला नाहीत. माझ्याबद्दल मात्र रोज बोललात.

मी नववीत असताना तुम्हाला जवळचं दिसेनासं झालं. चष्मा लावूनही मोटारीतली तुटलेली बारीक तार सापडेना, म्हणून शाळा सुटल्यावर तुम्ही मला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवू लागलात. ती खोली मला आवडायची, हे नाकारत नाही. ग्रीस, गंज आणि भांड्याच्या तळाशी सुकून बसलेल्या नारळाचा खवट वास. आपल्याकडचे मिक्सर नारळानेच मरतात, पातं जाम होतं आणि मग मोटार जळते. "आधी प्लग काढ, मग अक्कल चालव," तुम्ही म्हणता, आणि माझं मनगट धरून मोटारीत कार्बनचा तुकडा कसा सरकवायचा ते दाखवता. दोन वर्षांत मी तुमच्यापेक्षा चांगलं काम करू लागले. तुम्हाला ते माहीत होतं, कारण मिक्सर आला की तुम्ही तो उघडूनही न बघता आत सरकवायचात.

आणि बाहेर गिऱ्हाइकाला सांगायचात, "कोल्हापूरला पाठवावा लागेल. तिथे आपला कारागीर आहे." असा कुणी कारागीर नव्हता. मी तासाभरात केलेला मिक्सर तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवायचात आणि तो तिथे चार दिवस नुसता बसायचा, कारण घाट चढून जाऊन यायला चार दिवस तरी लागले पाहिजेत. पाचव्या दिवशी तुम्ही तो बोर्डाला लावून फिरवून दाखवायचात, गिऱ्हाईक म्हणायचं, "कसब आहे हो त्या माणसाच्या हातात," आणि तुम्ही म्हणायचात, "म्हणून तर त्याच्याकडे पाठवतो." मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणालात, "पोरीनं उघडलेली वस्तू लोक घरात घेतील का? उद्या शॉक बसला की बोलतील." माझ्या हातच्या वस्तूनं कुणालाही शॉक बसला नाही. मला तुमच्याकडून काही मोठं नको होतं. गिऱ्हाइकासमोर तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, हे हिनं केलंय.

मग ती गणपतीच्या आदल्या दिवसाची दुपार. दुकानात चाकरमान्यांची गर्दी, माळा बोर्डावर लुकलुकतायत. बंदरावर मासे विकणारी एक मावशी येते. तिचा मिक्सर मी आदल्या दिवशीच करून ठेवलाय.

"शेठ, झाला का वो? मुंबयवरनं चौदा माणसं आलीत घरात. नारळाचं वाटप कशात करू?"

"अजून कोल्हापूरहून आला नाही, मावशी."

"चालत गेलाय काय तो? घाटात बसला असेल चाय पीत!"

सगळं दुकान हसतं. मिक्सर तिच्या डोक्यावरच्याच फळीवर आहे. मी पडदा सारून बाहेर येते आणि म्हणते, "मावशी, तुमचा झालाय. मीच केलाय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. हसून तिला म्हणालात, "तिचं काय मनावर घेता? तिला सगळे मिक्सर सारखेच दिसतात. तो दुसऱ्याचा." आणि मग मला, "आत जा. चहा टाक." मावशी माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिली. "पोरगी खोटी वाटत नाय वो," ती म्हणाली. तुम्ही पुढच्या माणसाची माळ बोर्डाला लावलीत. ती रिकाम्या हातानं गेली, चौदा माणसांचं वाटप पाट्यावर वाटायला. तुमचा शब्द खरा ठरावा म्हणून तिचे हात मोडले तरी तुम्हाला चाललं असतं. माझं तर सोडाच.

बी.कॉम. झाल्यावर मी एका दुपारी जेवताना स्वतःहून म्हटलं, "अण्णा, दुकान मी चालवते." तुम्ही घास संपवलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "विकायचं ठरलंय. शब्द दिलाय."

"मला न विचारता?"

"तुला कशाला विचारायचं? तू कधी दुकानात होतीस?"

सात वर्षं मी त्या पडद्यामागे होते. आई आमटी वाढता वाढता थांबली. तुम्ही भात मागितलात. पुढं लग्नात तुम्ही मला नवाकोरा मिक्सर दिलात आणि माझ्यादेखत जावयांना सांगितलंत, "बिघडला तर कुणा चांगल्या माणसाला दाखवा हो." त्यांनी भाबडेपणानं हो म्हटलं. मला वाटतं, तोपर्यंत तुमचा स्वतःचाच त्या कोल्हापूरच्या माणसावर विश्वास बसला होता.

गेल्या रविवारी आमच्या मजल्यावरच्या वहिनींचा मिक्सर मी त्यांच्याच ओट्यावर उघडला. त्यांच्या सासूबाई इथल्याच, रत्नागिरीजवळच्या पाली गावच्या, स्टुलावर बसून बघत होत्या. मोटार फिरली तशा म्हणाल्या, "अगो बाई! कुठं शिकलीस गो हे?" त्या तुमच्या जुन्या गिऱ्हाईक. तुमचं नाव घेतलं असतं तर ओळखून हरखल्या असत्या, चार आठवणी सांगत बसल्या असत्या. मी म्हटलं, "आयटीआयला, आजी." आयटीआयचं फाटकसुद्धा मी कधी ओलांडलेलं नाही. कुणीही विचारलं की मी हेच सांगते, गेली कित्येक वर्षं.

या पत्राला पत्ता नाही ते एक बरंच आहे. असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण यातलं एक मला तुम्हाला कळू द्यायचं नाही. ते आयटीआयचं सांगताना मला बरं वाटतं, अण्णा. फार वेळ टिकत नाही ते.