चष्म्यातला समुद्र

गोडदेव, भाईंदर पूर्व
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. संघप्रियास आईचा जयभीम, आणि तुझ्या लेकीचा मुका.

धम्मपाल मस्कतला येतोय, त्याच्याजवळ हे पत्र आणि शेंगदाण्याची चटणी देतेय. चटणी फ्रिजमध्ये ठेवू नको, वास मरतो. फोनवरच बोलले असते, पण फोन लागला की साक्षी मांडीवर येऊन बसते, कान लावून.

आधी आनंदाचं. तिच्या भाजलेल्या हाताचं ड्रेसिंग म्हणजे किती आकांत, तुला ठाऊक आहे. एक दिवस दवाखान्यात पाहुणे आले होते, फोटोवालेपण. नीलम सिस्टरनी साक्षीच्या डोळ्यांवर मोठा चष्मा बांधला, डबाच म्हण. आत म्हणे समुद्र, चारी बाजूंनी मासे. इकडे सिस्टर चिकटलेली पट्टी सोडवतेय आणि आपली पोरगी हसतेय. "आजी, कासव आलं, सरक." मी खरंच सरकले गं. सगळा वॉर्ड हसला. घरी येऊन मी शेजारपाजारच्या बायकांना चहा पाजला.

पुढच्या खेपेला चष्मा नव्हता. सिस्टर म्हणाली, "आजी, तो वर गेला. पैसे भरून खोली घेतात ना, त्यांच्यासाठी." मी वर गेले. एक मुलगा तो लावून बसलेला, नुसती सुई टोचायची होती त्याला. त्याच्यावर राग नाही माझा, भीती त्यालापण असणारच. वॉचमन म्हणाला, "आंटी, नीचे का पेशंट नीचे."

मग मीच समुद्र करायला घेतला. लुगड्याचा तुकडा तिच्या डोळ्यांवर बांधला आणि सांगू लागले. पण मला कुठला समुद्र ठाऊक? उत्तनला एल्साबाईंकडे बोंबील वाळवायला जायचे, तोच. म्हटलं, "बघ, काठ्यांवर बोंबील टांगलेत, वाऱ्यानं कसे हलतायत."

"ते मेलेत, आजी."

सिस्टरनी कात्री लावली तसा तिनं तुकडा ओढून काढला. म्हणाली, "तुझ्या समुद्रात दुखतं."

तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की खाटेखाली शिरते, चांगल्या हातानं खाटेचा पाय धरून ठेवते. ओढायला जीव धजत नाही माझा. फोनवर तुला सांगते ना, ड्रेसिंग झालं, छान झालं, ते झालेलं नाही पोरी. घरीच वरवर पट्टी बदलते. करंगळी आणि शेजारचं बोट एकमेकांना चिकटलीत.

काल नीलम सिस्टर ड्युटी संपवून आपल्या घरी आली, साक्षीचा हात बघितला. आता कापूनच सोडवावं लागेल म्हणाली, आणि मग पुन्हा रोज ड्रेसिंग. मी विचारलं, "तेव्हा तरी चष्मा देतील का?" ती चपलेत पाय घालत राहिली.

साक्षीला अजून सांगितलेलं नाही. तूपण फोनवर हे बोलू नको. तुझी मालकीण सोडत नाही, कळतं मला, ये म्हणत नाही. फक्त एवढं कळव, कापायच्या दिवशी तिला काय सांगून नेऊ?

तिचा बरा हात धरून बसलेली,
तुझी आई
केसरबाई