उजव्या पायातला गिअर

प्लेनो, टेक्सस
१७ जून २००७

तीर्थस्वरूप वन्संना वसुधाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. माझी कंबर हल्ली फार छान झाली आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुमच्या गुडघ्याला ते नवीन तेल लागू पडलं का? रक्तदाबाची गोळी सकाळीच घेता ना, की पुन्हा मालिका संपल्यावर आठवण होते? इकडे ऊन असं आहे की नागपूरची आठवण काढायचं कारण उरत नाही. आम्ही दोघं सुखरूप आहोत, एक पाय सोडला तर. तो पाय तुमच्या भावाचा आहे आणि त्याच्याबद्दल सीमाच्या आईने तुम्हाला फोनवर जे सांगितलं, त्यासाठी हे पत्र. ई-मेल तुम्ही उघडत नाही, आणि फोनवर बोलायला जावं तर हे आतल्या खोलीतला दुसरा फोन उचलून श्वास रोखून ऐकत बसतात.

सीमा आमच्या समोरच्या घरात राहते. मुलगी गुणी आहे, कॉम्प्युटरमध्ये आहे. तिने आईला एवढंच सांगितलं, की काकू मोटारसायकल चालवतात आणि काकांचा पाय मोडला. वन्सं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सीमाच्या आईने मधल्या 'आणि'चं 'म्हणून' केलं, आणि ती बातमी धरमपेठेत पोचेपर्यंत मी यांच्या पायावरून गाडी नेलेली होती. तर आता नीट ऐका.

तुम्हाला आठवत असेल, लग्नाआधी यांच्याकडे बुलेट होती. त्या काळी बुलेटचा गिअर उजव्या पायात असायचा आणि ब्रेक डाव्या. पण यांचं मन होतं बॉनव्हिलवर. बॉनव्हिल म्हणजे विलायतेत तयार होणारी, त्या काळची वेगवान म्हणून गाजलेली मोटारसायकल. अमेरिकेत यूटा नावाचं राज्य आहे, तिथे मिठाचं एक अफाट मैदान आहे, तिथे गाड्या वेगाचे विक्रम करतात. त्या मैदानाचं नाव तिला दिलं. यांनी तिचं चित्र एका इंग्रजी मासिकातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. (मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या साड्या त्या चित्राशेजारी लावाव्या लागल्या. नवी होते.) पुढे आम्ही इकडे आलो, नोकरी, मुलं, घर, यात ती गाडी राहून गेली. आणि दोन वर्षांपूर्वी हे निवृत्त झाले.

निवृत्त झालेला माणूस घरात काय काय करू शकतो हे तुम्हाला भावजींमुळे ठाऊक आहे. यांनी आधी माझे मसाल्याचे डबे अकारविल्हे लावले. मग एक दिवस डेंटनच्या बाजूला कुण्या म्हाताऱ्या टेक्सनच्या गोठ्यात धूळ खात पडलेली अडुसष्ट सालची बॉनव्हिल घेऊन आले. गोठ्यातून आली तशीच ती वागली. तिला बटण नाही, लाथ मारून सुरू करायची. लाथ यांनी मारली की ती उलटून यांना मारायची, आणि वयाने म्हाताऱ्या झालेल्या त्या इंजिनातून तेल ठिबकायचं, त्याखाली माझी पुरणाची परात ठेवलेली. पण वन्सं, गिअर उजव्या पायात! ती सुरू झाली त्या दिवशी हे गल्लीत अशी चक्कर मारून आले, की मला क्षणभर अंबाझरीचा रस्ताच दिसला. पाय सगळं विसरलेला नव्हता. हे खाली उतरले ते पंचविशीत असल्यासारखे, आणि लगेच गुडघा धरून बसले.

लाथ मारणारा गुडघा साठीचा, हे काही त्या गाडीला कळेना. म्हणून ती देऊन एकोणऐंशी सालची बॉनव्हिल घेतली. आणि इथून सगळा घोटाळा सुरू झाला. झालं असं, की सत्तरच्या दशकाच्या मध्यात इथल्या सरकारने कायदा केला: यापुढे अमेरिकेत विकायच्या मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायात आणि ब्रेक उजव्या. विलायतेतल्या त्या बिचाऱ्यांनी इतकी वर्षं उजवीकडे ठेवलेला गिअर उचलून डावीकडे नेला. हे तो कायदा आपल्याविरुद्ध केल्यासारखे बोलतात. गणपतीला जमलेल्या चाळीस माणसांना आरतीच्या आधी यांनी हा सगळा इतिहास सांगितला. (प्रसाद गार झाला.) शिवाय मधल्या काळात विलायतेतल्या त्या कारखान्याने तेल गाडीच्या सांगाड्यात भरायला सुरुवात केली होती, त्यात बसायची जागा उंच झाली. आपल्या घराण्याची उंची तुम्ही जाणताच. प्रेस्टन रोडच्या सिग्नलला हे थांबले, पाय टेकायला गेले, रस्ता काही सापडेना, आणि अगदी सावकाश, एखादं झाड कापून खाली यावं तसे आडवे झाले. लागलं नाही. मागच्या गाडीत इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते, ते लागलं.

तीही गेली. मग यंदा नवी. मूळ कारखाना मधे बंद पडला होता, नाव दुसऱ्याने घेतलं, नवा कारखाना काढला आणि सहा वर्षांपूर्वी बॉनव्हिल पुन्हा आणली. रूप तेच, टाकी तशीच दोन रंगांची, पण बटण दाबलं की सुरू, बसायला बुटकी, आणि खाली परात लागत नाही. मला ती आवडली. एवढं शहाणपण पुढच्या पिढीत आलं तर कुठल्याही घराण्याला हरकत नसावी. मात्र गिअर डावीकडेच. तेव्हा अनयाने (तुमच्या भाचीने) फोनवर बापाला निक्षून सांगितलं, “बाबा, नो कोर्स, नो बाइक. आय अ‍ॅम सीरियस.” मुलीचं हे ऐकतात. पण वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं असणार, एकट्याला लाज वाटेल, म्हणून मला म्हणाले, “तूही नाव घाल. नुसती सोबत म्हणून.” वन्सं, मी यांना मोटारसायकलला लावलं नाही. यांनी मला लावलं. हे वाक्य सीमाच्या आईला तुम्ही वाचून दाखवलंत तरी चालेल.

कॉलेजच्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये लहान लहान मोटारसायकली आणि नारिंगी शंकू. शिकवायला डोना नावाची बाई, पन्नाशीची, आवाज आपल्या शाळेच्या पीटीच्या बाईंसारखा. मी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही, त्यामुळे ती सांगेल तेवढंच करत होते. हे मात्र तिला दर दहा मिनिटांनी एकोणीसशे अडुसष्टला घेऊन जात होते. मग आला अचानक थांबायचा धडा. वेगात यायचं, तिने हात केला की ब्रेक. हे आले झोकात. तिने हात केला. यांच्या डाव्या पायाने ब्रेक म्हणून जो दाबला तो गिअर! गाडी खालच्या गिअरमध्ये जाऊन गुरगुरली, गचका बसला, हँडल वाकडं, शंकू उडाले, पाण्याचं पिंप उडालं, डोना वेळेवर उडाली. आणि गाडी यांच्या उजव्या पायावर. त्या पायाचीच दया आली हो मला. त्याचा काहीच दोष नव्हता, तो आपल्या जागी गिअरची वाट पाहत होता.

यांना दवाखान्यात नेलं, घोट्याचं हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं. शुद्धीवर पूर्ण होते, कारण पहिलं वाक्य बोलले ते “कायदा चुकीचा आहे.” दुसरं मात्र वेगळं होतं. म्हणाले, “वसू, तू कोर्स सोडू नकोस. दोघांचे पैसे पाण्यात जातील.” मी पुढच्या शनिवारी गेले, परीक्षा दिली, आणि वर्गात पहिली आले. (होय, त्या पोरांच्या पुढे.) डोनाला मी म्हटलं, अगं, मला काहीच येत नव्हतं. ती म्हणाली, “म्हणूनच. तुझ्या पायाला काही विसरायचं नव्हतं.”

त्या दिवशी लायसन्स यांना दाखवलं तेव्हा यांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं, “फोटो बरा आलाय” म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मी समजून होते. चाळीस वर्षं ज्या गाडीची वाट पाहिली ती गराजमध्ये उभी, आणि चालवायचा परवाना बायकोच्या पर्समध्ये. मग तिसऱ्या दिवशी कुबडी टेकत गराजमध्ये आले, उलट्या बादलीवर बसले, म्हणाले, “बॅटरी उतरेल. सुरू तरी कर.” मी सुरू केली. म्हणाले, “गल्लीच्या टोकापर्यंत ने.” मी नेली. परत आले तर हे बादलीवरून उठून फाटकात उभे. “दुसरा गिअर उशिरा टाकतेस,” म्हणाले. मग रोज तेच. मी चालवायची, हे आवाजावरून चुका काढायचे. भाजी, देऊळ, लायब्ररी, सगळीकडे मी आता तिच्यावरूनच जाते, कंबर सुधारली ती त्यामुळेच. (जीन्स घालून देवळात जाते हेही खरं आहे. साडी चाकात जाते.)

प्लास्टर निघाल्यावर मे महिन्यात एका रविवारी मी यांना मागे बसवून शहराबाहेर तळ्यापर्यंत नेलं. दोन्ही बाजूंना नुसती रानफुलं. वन्सं, तुम्हाला सांगू? नागपूरला मी बुलेटवर यांच्या मागे एका बाजूने बसायची. सगळं आयुष्य यांचा बुशशर्ट बघत गेलं, पुढून रस्ता कधी दिसलाच नाही. त्या दिवशी दिसला. मी फार नाही, थोडीच जोरात नेली. हे मागे अगदी शांत बसले होते, एक चूक काढली नाही. मला वाटलं, माणूस सुखावला.

असो. लिहिता लिहिता पानं भरली. भावजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. तुमचा राग गेला असेल असं धरून चालते.

तुमची,
वसुधा

ता. क. : तळ्यावरून आल्यापासून यांच्या पायाने मात्र पुन्हा उचल खाल्ली आहे. काठीशिवाय खुर्चीतून उठत नाहीत. डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, पण दुखणं दुखणाऱ्याला ठाऊक.

ता. क. २ : डोनाचा बायकांचा एक क्लब आहे. ऑगस्टमध्ये आम्ही सगळ्या मोटारसायकलींवरून यूटाला, त्या मिठाच्या मैदानावर जाणार आहोत. दोन आठवडे. यांना अशा पायाने एकटं कसं ठेवू? तुमचा दहा वर्षांचा व्हिसा नुसता पडून आहे. सख्ख्या भावाची सेवा दुसरं कोण करणार? याल ना? पाय बरा झाला, तर तुम्ही नाही आलात तरी चालेल, मग मी यांनाच मागे बसवून नेईन.

*

ताई,
हिने पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून पाकीट उघडून हे लिहितोय. माझा पाय ठणठणीत आहे. ही देवळात गेली की मी जिना चढतो-उतरतो. पण हे हिला कळलं तर मला मागे बसून यूटाला जावं लागेल. तळ्यापर्यंत गेलो तेव्हाच सगळे देव आठवले. तू तिकीट काढच.
आणि आल्यावर तिला एक सांग. गाडी ती फार सुरेख चालवते. माझ्या तोंडून ते निघत नाही.
– मोरेश्वर