वाऱ्याले वाढलेलं पान

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

आली बाप्पा एकदाची कारंज्याले. आंजीहून निघाली तं एष्टीत बसाले जागा नाई, आर्वीपर्यंत उभीच. पण ढाबा पाहून जीव खुश झाला. हायवेच्या कडेले, मागं संत्र्याचा बगीचा, समोर खाटा, वर टिन. सयपाकाची खोली मोठी, धूर डोळ्यात येत नाई. मालक बंडूजी, त्यायची बायको विमलाबाई आन तंदूरवाला प्रेमदास, एवढेच लोक. प्रेमदासनं आल्या आल्या इचारलं, बाई, भाकर गोल जमते का? मी म्हटलं, तुह्या तोंडापेक्षा गोल जमते. सारे हासले. तवापासून माह्यं नाव आंजीवाली पडलं.

साक्षरता वर्गाच्या बाईनं सांगतलं होतं का रोज चार ओळी लिहा, नाई तं अक्षरं विसरसान. म्हणून लिहून राह्यली. शाळा चौथीतच सुटली माही.

रोशन माहा एकुलता पोरगा. ट्रक चालवते. संत्रा घेऊन आंध्रात गेला, वापस याच रस्त्यानं येते. म्हणून तं हे काम धरलं. त्याले सांगून ठेवलं, ढाब्यावर येजो, गरम भाकर देईन.

बुधवार, ११ नोव्हेंबर

कामाचा हात बसला. दोन गंज वरण आन परातीएवढा कोपर भरून पीठ सहज लागते. ड्रायव्हर लोक मागून मागून खातात. एक पंजाबी म्हणे, माताजी, ऐसी रोटी तो घर में भी नहीं. मी म्हटलं, मंग घरी जाय नं, बायको वाट पाहून राह्यली असन.

रेडिओवर सांगतलं, आंध्राच्या बाजूले समुद्रात मोठं वादळ उठलं. प्रेमदास म्हणे, समुद्र कुठी आन कारंजा कुठी, तुमी काऊन तोंड पाडून बसल्या? माह्यं पोट्टं तिकडंच हाय.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

आज वादळाशिवाय दुसरी गोष्ट नाई. जमिनीवर चढलं आन इकडंच सरकून राह्यलं म्हणते. बगीच्यात व्यापाऱ्यायनं कच्चा संत्राही तोडाले लावला. बंडूजी टिनावर चढून तार आवळून राह्यले होते, खालून विमलाबाई वरडे, तुमीच उडान पहिले, टिन मंग उडन!

समोरच्या एसटीडीवर रोशनचा फोन आला. गाडी बिघडली होती, आता सुधरली, निघून राह्यला. हासत होता. म्हणे, आई, वारा माह्या मागंच हाय, पाहू कोण पहिले पोचते. मी म्हटलं, थोबाड फोडीन, चुपचाप गाडी चालव. फोन ठेवला आन सारे गंज घासले. घासलेलेच परत घासले. हात चालू असला का डोकं बंद राह्यते.

शनिवार, १४ नोव्हेंबर

सकाळी अंगणात गेली. मधोमध लाकडाचा पाट उलटा टाकलेला आन त्याच्यापुढं पान वाढलेलं. भाकर, वरण, ठेचा, सारं. माह्या डोक्यात सणक गेली. आमच्या आंजीत माणूस मेला तं पाट उलटा करते. माहा पोरगा रस्त्यावर आन यायनं दारात हे करून ठेवलं! इचाराले कोणी नव्हतं, सारे बगीच्यात गेलते. वारा सुरू झाला होता, पदर डोक्यावर राहेना. मी पाट सरळ केला, पुसला, पान जवळ सरकवलं. पान वाढलं तं बसणाऱ्याले जागा पाह्यजे. सवयीनं तोंडातून निघून गेलं, बसा.

वारा तवाच पडला.

विमलाबाई आल्या, पाट पाह्यला आन मटकन खालीच बसल्या. कोणं सरळ केला म्हणे. मी केला म्हटलं, अशी अवदसा मले चालत नाई. तवा त्यायनं सांगतलं. त्यायच्या घरी मोठं वादळ येणार असलं का पान वाढते आन पाट उलटा ठेवते. वारा मानाचा पाहुणा होये. पान पाहून दारात थबकते, पण बसाले जागा नाई, मंग रुसून पुढं निघून जाते. तू त्याले बसवलं बाई, म्हणे.

मी म्हटलं, मंग उचला तो पाट. त्या म्हणे, हात नोको लावू, बसला हाय तो.

मी पाह्यलं. पान चाटून पुसून साफ. पाटाचे पाय जमिनीत रुतलेले.

आता वाढत राह्य, म्हणे. जेवते तवापर्यंत बसते. वाढणारीचा हात थांबला का उठते. आन उठला तं जिथं बसला तिथूनच सारं वादळ घेऊन उठते.

रविवार, १५ नोव्हेंबर

रेडिओवर सांगतलं, वादळाचा जोर सरला. एकाएकी कुठी गेलं समजत नाई म्हणे. व्यापाऱ्यायनं पेढे वाटले.

मी वाढून राह्यली.

बगीच्यातली एक फांदी हालत नाई. चुलीचा धूर काठीसारखा उभा. कुत्रे अंगणात पाय टाकत नाई. पाहत राह्यली तं भाकर तशीच राह्यते. मान वळवली का गेली.

भेव वाटाले पाह्यजे. वाटत नाई. हात तेवढे चालतात.

बंडूजीनं टेम्पो आणला. सारे आष्टीले सोयऱ्यायकडं चालले. चाल आंजीवाली, ढाबा गेला तं गेला, म्हणे. मी नाई म्हटलं. रोशन याच रस्त्यावर हाय. मी हात थांबवला आन तो उघड्यावर सापडला तं? चालत्या गाडीत त्याले कोण सांगन? विमलाबाईनं ज्वारीच्या पिठाचं पोतं माह्यापुढं आणून ठेवलं. डोळे पुसले. प्रेमदास जाता जाता म्हणे, गोल करजो. हासला नाई.

सोमवार, १६ नोव्हेंबर

थापली. शेकली. वाढली. परत थापली.

एक ड्रायव्हर आला. नागपूरच्या पुलावर रोशनची गाडी दिसली म्हणे, टायर बदलून राह्यला होता, येईलच. मी चहा ठेवतो म्हटलं तं त्यानं अंगणाकडं पाह्यलं आन नोको म्हणे. गाडी चालू करूनच बसला होता.

पाहुणा आता लवकर खाते. आधी दुसरी भाकर होयेपर्यंत थांबे. आता तव्यावरून काढली का —

रोशन आला का त्याले उतरू द्याचं नाई. मीच गाडीत चढीन. निघाचं. मागं काय उठन ते उठो. हेच एक डोक्यात धरून ठेवलं, बाकी काही नाई.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

गाडी आली.

हॉर्न आयकला. मी तव्यापाशी. धावाले पाह्यजे होतं. भाकर तव्यावर होती. म्हटलं एवढी वाढून देतो, तेवढ्यात तो गाडी तरी वळवन, मंग निघू —

बाहेर आली तं रोशन पाटावर.

भुकेला होता. आईनं वाढून ठेवलं समजला. हातही धुतले नाई. बसला.

ऊठ म्हटलं. ऊठ रे. मान वर केली नाई. जेवून राह्यला. त्याचे केस उडत होते. बाकी कुठी काही हालत नाई, धूर नाई, फांदी नाई, फक्त त्याचे केस.

दंडाले धरून ओढला. हालला नाई. अंग थंड. पाट आखीन खाली गेला —

आई म्हणत नाई. वाढ म्हणते.

पोतं झटकलं.

मी रडली नाई. रडाले हात थांबवा लागते. एका हातानं लिहून राह्यली, एका हातानं —

पिठाचा कोपर खरवडला. एक भाकर झाली. लहान.

अर्धी वाढली. अर्धी पदराखाली ठेवली.

ते बी समजलं त्याले. माह्या पदराकडं पाह्यते.

दिली.

पाणी देल्लं. पाणी पेला. सारा गंज पेला.

टिन वाजलं.

वरतं आभाळ साफ हाय आन टिन वाजून राह्यलं, रोशन बस, बस म्हटलं नं, मी आणतो, रस्त्यावरून मागून आणतो, गुडघे नोको उचलू रे, माह्याकडं पाह्य, मी तुही आई —